कट म्हटल्यानंतर

४ जानेवारी

मिळाली! भूमिका मिळाली. आणि नर्स नंबर दोन नव्हे, जिन्यात भेटणारी शेजारीण नव्हे, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणणारी सेक्रेटरी तर मुळीच नव्हे. मुख्य भूमिका. सिनेमाभर मीच. एका फ्लॅटमध्ये एकटी राहणारी बाई. मागच्या खोलीत कुणीतरी आहे असं तिला वाटत राहतं, आणि शेवटाकडे बघणाऱ्यालाच वाटायला लागतं की ही बाई तरी खरंच आहे का. भयपट आहे, पण करकरणारं दार, पांढरी साडी, मोकळे केस असलं काही नाही. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, भीती बाहेर नाहीये. तुमच्या चेहऱ्यावर आहे." मी म्हटलं, सकाळी आरशात बघताना मलाही तसंच वाटतं. तो हसला नाही. हुशार माणसं हसत नाहीत बहुतेक.

निर्माता म्हणजे त्याचा मेहुणा. फरश्यांचं दुकान आहे. माणसं मोजकी, एकच फ्लॅट, सगळा मामला घरगुती.

बाबांना लगेच फोन केला. ते दादाकडे असतात, इथून बसनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. नाकाला ऑक्सिजनची नळी, त्यामुळे वाक्याच्या मध्ये थांबून दम घेतात. पहिला प्रश्न नेहमीचाच, "यात मरतेस का?" मालिकांत मला कसंही मारतात. ट्रकखाली, जिन्यावरून, एकदा तर विंचू चावून. मी म्हटलं, नाही बाबा, यात शेवटपर्यंत आहे. "मग बघूनच जातो," म्हणाले.

मग दादानं फोन घेतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, आता काही खरं नाही. शूटिंगच्या धांदलीत फोन केला तर निघशील ना?" मला राग आला. म्हणजे काय, निघशील ना? म्हटलं, "तू फक्त फोन कर. मेकअप पुसायलाही थांबणार नाही." बाबा जातील तेव्हा माझा हात त्यांच्या हातात असला पाहिजे. आईच्या वेळी मी नव्हते. पुन्हा तसं होऊ देणार नाही.

ही वही दिग्दर्शकानं दिली. पात्राची दैनंदिनी लिहा म्हणाला. त्या बाईची लिहायला बसले आणि माझीच सुरू झाली. जाऊ दे.

११ जानेवारी

दिग्दर्शकाच्या घरी वाचन झालं. विचारात पडला की तो एक पाय दुसऱ्या पोटरीला टेकवून उभा राहतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव बगळा ठेवलंय. वयानं माझ्याहून बराच लहान आहे, तो मला ताई म्हणतो आणि मी त्याला सर. सगळा उलटा कारभार.

वाचन कसलं, संहिता हातात दिलीच नाही. जमिनीवर गोल करून बसवलं आणि म्हणाला, प्रत्येकानं आपल्याला कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते ते सांगायचं. सिनेमात माझ्या सासूचं काम करणाऱ्या बाई जुन्या खोड आहेत, रंगभूमीवर आयुष्य गेलंय. त्या म्हणाल्या, "डासांची." कॅमेरामन म्हणाला, उंचीची. माझी पाळी आली आणि मी काहीतरी थातुरमातुर सांगायचं सोडून खरंच बोलून गेले. बाबांचा आजार, आणि दादाचा फोन येईल तेव्हा मी वेळेवर पोचणारच नाही, ही भीती. बोलताना माझा आवाज फाटला. बगळा एका पायावर उभा राहून ऐकत होता.

निघताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "थँक्यू, ताई. हे खूप मोलाचं दिलंत तुम्ही." इतकं मनापासून माझं ऐकणारा माणूस या धंद्यात मला पहिल्यांदा भेटला.

२० जानेवारी

शूटिंग सुरू. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, फर्निचर कमी, भिंती पिवळट. खाली पाण्याचा पंप आहे, तो सुरू झाला की साउंडवाला डोक्याला हात लावतो आणि सगळे बंद व्हायची वाट बघत बसतात.

इथली एक रीत म्हणजे दारात शिरलं की फोन बंद करून मॅनेजरच्या हवाली. तो ते बिस्किटाच्या डब्यात ठेवतो आणि डबा घेऊन जिन्यात बसतो, कारण घरात खिडकीपाशी सोडून कुठेच रेंज येत नाही. मी अडून बसले. बाबांचं सांगितलं. बगळा लगेच म्हणाला, "ताईंच्या घरच्यांना मॅनेजरचा नंबर द्या. फोन आला की शॉट मोडून त्यांना द्यायचा. काय वाट्टेल ते असो." दादाला नंबर कळवला. मॅनेजरही म्हणाला, "बिनधास्त राहा, ताई." जीव भांड्यात पडला.

कामाला सुरुवात छान झाली. दिवसभर मी फक्त मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होते, आणि त्याचेच तो नऊ प्रकार घेत होता. मान अवघडली. पण असं काम मला कुणी कधी करायलाच दिलं नव्हतं. घरी येताना रिक्षात मी उगाच हसत होते.

२४ जानेवारी

आज सासूबाईंनी चहाच्या वेळी कोपऱ्यात घेतलं. "एक लक्षात घे. हा कट म्हणतो, पण कॅमेरा बंद होत नाही."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे काय म्हणजे? तू कट ऐकल्यावर खांदे पाडतेस, नाक पुसतेस, माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतेस. ते सगळं घेतोय तो. कट म्हटलं की आधी पाठ फिरवायची, मग श्वास सोडायचा. आम्ही असेच वाचलो."

मी बगळ्याला विचारलं. त्यानं लपवलं नाही. "ताई, अभिनय संपतो तिथे तुमचा चेहरा सुरू होतो. मला तोच हवाय." ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सासूबाईंना जुन्या नाटकाची सवय आहे, त्यांना या पद्धती पटायच्या नाहीत. मी पाठ फिरवणार नाही. इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझा चेहरा हवाय.

२९ जानेवारी

फोनचा सीन. सगळा सिनेमा याच सीनवर उभा आहे. ती बाई खिडकीपाशी खुर्चीत बसलीय, पिवळा ड्रेस घातलाय, फोन येतो. पलीकडचा माणूस सांगतो की एका बाईचं प्रेत सापडलंय, आणि वर्णन हिचंच आहे. ती ऐकते. बस्स, एवढंच.

बगळ्याला तो दिवे लागायच्या आधीच्या उजेडातच हवा. तो उजेड थोडा वेळ टिकतो, गेला की गेला, मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. सगळे श्वास रोखून उभे. मी रडले. तो म्हणाला, पुन्हा. मी न रडता केलं. पुन्हा. मी ओठ थरथरवले. "ताई, ओठ कळतायत." उजेड गेला.

मग तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. "तुम्ही छान करता. पण करता."

मालिकांनी केलेली खोड आहे ही. तिथे मिनिटात डोळ्यांत पाणी आणलं की टाळ्या वाजतात. आज स्वतःची लाज वाटली.

३१ जानेवारी

पुन्हा तोच सीन. पुन्हा नाही. मेहुणा सेटवर आला होता, घड्याळाकडे बघत होता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. ऐकू आलं, "दुसरी कुणी बघायची का?" बगळा म्हणाला, "नाही. हिच्याकडेच आहे ते. येईल बाहेर." माझ्यावर एवढा विश्वास! मी त्याला निराश करता कामा नये.

३ फेब्रुवारी

सुट्टी होती, बाबांकडे जाऊन आले. किती बारीक झालेत. पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागते. ऑक्सिजनच्या मशिनचा घरघर आवाज सगळ्या घराच्या अंगवळणी पडलाय. वहिनी म्हणते, लाइट जाऊन तो थांबला की आधी बाबांकडे धावते.

बाबांना नखं कापून हवी होती. वहिनी कापते ती फार खोल कापते म्हणाले, तिच्यासमोरच. वहिनी म्हणाली, "आता लेक आलीय ना, घ्या कापून, मी सुटले." मी एकेक बोट धरून कापली. अंगठ्याचं नख जाड, नेलकटरात येईना, दोघं हसत सुटलो आणि त्यांना ठसका लागला. दादा धावत आला, माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मुद्दामच केलं.

सिनेमाची गोष्ट सांगितली. फोनचा सीन जमत नाही हेही सांगितलं. म्हणाले, "जमेल. लहानपणी तू शाळेत न जायला पोट दुखतंय म्हणून रडायचीस, आणि मला खरंच वाटायचं." मग बराच वेळ डोळे मिटून पडले. मला वाटलं झोपले. न उघडताच म्हणाले, "कधी पाहायला मिळेल?" पावसाळ्याच्या सुमाराला, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, जमणार असल्यासारखी.

दादा स्टँडवर सोडायला आला. स्कूटरवरून उतरले तेव्हा म्हणाला, "बोलावलं की ये." मी म्हटलं, किती वेळा सांगू? "नाही, आपलं सांगितलं," म्हणाला.

८ फेब्रुवारी

आज सेटवरच लिहितेय, कारण दुसरं कामच नाही. सकाळी आले तेव्हा स्वयंपाकघरातला सीन होता, निळा गाऊन चढवला होता. तासाभरात सगळं फिरलं. मॅनेजर जिन्यातून आत आला, बगळ्याशी काहीतरी बोलला, दोघं गॅलरीत गेले, कॅमेरामनलाही बोलावलं. कॅमेरामन चांगलाच भडकला होता, हातवारे करत होता. काचेचं दार लावलेलं, त्यामुळे शब्द कळले नाहीत. नंतर तो आत आला तो थेट कॅमेऱ्यामागे जाऊन बसला. मी विचारलं, "काय झालं?" तो लेन्स पुसत राहिला.

मग मला पिवळा ड्रेस घालायला सांगितला. म्हणजे आज पुन्हा तोच सीन. म्हटलं, आज करूनच दाखवते. बाबांना सांगायला तरी होईल.

तेव्हापासून नुसती बसवून ठेवलीय. साउंडवाल्याला सुट्टी दिली म्हणे, आज डायलॉग नाहीत. सासूबाईंनाही घरी पाठवलं. चहा तीनदा आला. सहायक दिग्दर्शिका पोरगी एरवी टकळी लावून बसते, आज कप ठेवला आणि पळाली. तिला म्हटलं, अगं, डोळे का सुजलेत? ॲलर्जी म्हणाली. प्रेमप्रकरण असणार. या वयात तेवढंच असतं.

दुपारी मॅनेजर दोनदा आत-बाहेर करून गेला. त्याचं पोट बिघडलंय की काय.

बगळा मात्र आज फार गोड वागतोय. माझ्या पाठीमागे स्वतः उशी आणून ठेवली. जेवलात ना नीट, विचारलं. आत्ता म्हणतो, "ताई, खिडकीपाशी खुर्चीत बसा. फक्त उजेड बघतोय. काही करायचं नाही." बसते.

१० फेब्रुवारी

बाबा गेले.

१२ फेब्रुवारी

दादाच्या घरी आहे. माणसं येतात, बसतात, जातात. मशिन कोपऱ्यात उभं आहे, त्यावर कुणीतरी टॉवेल टाकलाय. घर इतकं शांत आहे की स्वयंपाकघरातला नळ ऐकू येतो.

लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात सगळं एकमेकांत मिसळेल. खुर्चीत बसले होते. उजेड छान होता. सहायक पोरगी आली आणि माझ्या हातात फोन दिला. लावलेलाच होता. मी हॅलो म्हटलं. दादा होता. म्हणाला, "गेले गं." मी विचारलं, कधी? "दुपारी." आणि मग मी जे विचारलं ते मलाच कळत नाही. मी विचारलं, "दादा, तू जेवलास का?" त्यानंतर माझ्या तोंडातून एक आवाज आला. कसला ते आठवत नाही, पण खाली पंप चालू होता आणि त्या आवाजात तो मिसळून गेला, एवढं आठवतं. मग बगळ्यानं मला मिठी मारली. तोही रडत होता. गाडी तयार होती, गेटपाशी उभीच होती, त्यानं पोचवायची सगळी व्यवस्था केली. मी पिवळ्या ड्रेसमध्येच इथे आले.

दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनी आज भांडी घासताना म्हणाली, "सकाळपासून किती फोन केले तुझ्या त्या माणसाला. शॉट संपला की पाठवतो म्हणाला. बाबा दाराकडे बघत होते." मी म्हटलं, मला संध्याकाळी एकच फोन मिळाला. ती म्हणाली, "आता काय बोलायचं." आणि तवा घासत राहिली.

मॅनेजरला फोन केला. तो शपथेवर सांगतो की रेंज नव्हती, फोन लागला तसा लगेच दिला. त्या जिन्यातही रेंज येते-जाते हे खरंय. दादाला धक्का बसलाय, त्याच्या वेळांचा घोळ होत असेल. तो कुणावर तरी चिडणारच, तर माझ्यावर चिडू दे.

पण बाबा दाराकडे बघत होते.

२३ फेब्रुवारी

परत कामावर. सगळ्यांनी फार जपलं. मेहुण्यानं फळांची टोपली पाठवली. कॅमेरामन काम सोडून गेला, त्याच्या जागी दुसरा आलाय. घरगुती अडचण म्हणे.

मला फोनच्या सीनचं भय वाटत होतं. आता तो करायचा म्हणजे कसा करणार? बगळ्याला तसं सांगितलं. तो एका पायावर उभा राहिला आणि मग म्हणाला, "नाही करायचा, ताई. तो सीन मी शेड्यूलमधून काढलाय. तुम्हाला परत त्यातून नेणार नाही." मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. एवढा महत्त्वाचा सीन माझ्यासाठी सोडून दिला त्यानं. या धंद्यात माणुसकी नाही असं म्हणतात, ते खोटं आहे.

१६ मार्च

सासूबाईंचा फोन. आपलं डबिंग उरकून आल्या होत्या. आधी इकडचं-तिकडचं बोलल्या, गुडघे, नातू. मग म्हणाल्या, "तो फोनचा सीन बघितलास का?"

मी म्हटलं, तो काढून टाकलाय.

"तू एकदा जाऊन बघ," म्हणाल्या. "आणि कुणाला तरी बरोबर ने."

१९ मार्च

कुणाला नेणार? एकटीच गेले.

बगळ्यानं स्वतःहून दाखवला. मला न दाखवता तो पुढे गेला नसता म्हणाला. संगणकाच्या पडद्यावर मी होते. आवाज नव्हता, नुसती पंपाची भणभण. मी फोन कानाला लावते. माझं तोंड हलतं. माझा चेहरा कसा होतो ते मी इथे लिहू शकत नाही. आणि खरं सांगायचं तर बघताना एक क्षण, अगदी एकच क्षण, मनात आलं की काय काम केलंय या बाईनं. मग ओकारी आली.

मी म्हटलं, "काढून टाका."

तो चिडला नाही. त्याचे डोळे भरून आले, ते खोटे नव्हते. "ताई, मी काही केलं नाही. फक्त कॅमेरा बंद केला नाही. तुम्हाला माहीतच होतं, आपण बंद करत नाही. आता सीनमध्ये फोन भावाचा केलाय. भाऊ सांगतो, तुझं प्रेत मिळालं. आणि ती त्याला विचारते, जेवलास का. ताई, असं वाक्य कुठला लेखक लिहील? हा काढला तर माझ्याकडे सिनेमाच उरत नाही." सिनेमा बाबांना अर्पण करतो म्हणाला. सुरुवातीला काळ्या पडद्यावर, बाबांच्या नावानं.

मी करारावर सही केलेली आहे, सेटवर जे चित्रित होईल ते त्यांचं. मेहुणाही बसला होता. तो सरळ माणूस, सरळच बोलला. "मॅडम, महोत्सवात निवड झाली ती या सीनवर. फक्त आवाज वापरण्यासारखा नाही, डबिंग करावं लागेल. तुम्हाला त्रास होणार असेल तर अजिबात आग्रह नाही. आमच्याकडे एक आर्टिस्ट आहे, तिचा आवाज तुमच्याशी जुळतो. रडते फार सुरेख."

२१ मार्च

वकिलाला विचारलं. ओळखीचाच आहे. म्हणाला, भांडता येईल, पण सिनेमा येऊन जाईल तोवर. आणि तुला पुढे काम कोण देईल? हे त्यानं प्रेमानं विचारलं.

दुसरी कुणीतरी बाई माझ्या तोंडातून माझ्या बाबांसाठी रडणार. सुरेख रडणार. दिवसभर हेच डोक्यात. भात दोनदा करपला. शेवटी फोन केला, म्हटलं, मीच येते. बगळा म्हणाला, "मला माहीत होतं, ताई."

२५ मार्च

डबिंगची खोली कपाटाएवढी. भिंतींना स्पंज, समोर काच, काचेपलीकडे इंजिनिअर आणि बगळा. कानांवर हेडफोन. पडद्यावर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, तीन बीप वाजतात आणि मग आपण आपल्या ओठांवर आपले शब्द बसवायचे. हे काम मी शेकडो वेळा केलंय.

तुकडा फोनपासून सुरू होईल असं मला वाटलं होतं. पण तो बराच आधी सुरू होतो. मी खुर्चीत बसलेय. बाहीचा दोरा ओढतेय. जांभई देते. खिडकीकडे बघते आणि स्वतःशीच थोडीशी हसते, बहुधा बाबांना काय सांगायचं ते ठरवत असेन. चेहरा पडदाभर, पापणी न् पापणी स्पष्ट. मग कडेनं एक हात येतो, त्यात फोन.

मी माइकमध्ये विचारलं, "हे आधीचं कशाला?"

हेडफोनमध्ये बगळ्याचा आवाज आला, "ते लागतं, ताई. आधीची शांतता लागते."

ड्रेस सकाळी चढवायला लावला होता. साउंडवाल्याला सुट्टी सकाळीच दिली होती. वहिनी म्हणते, सकाळपासून फोन. हे तीन धागे माझ्यासमोर आहेत, मी आंधळी नाही. पण ते एकत्र धरले तर मला त्या खोलीतून उठावं लागलं असतं, आणि उठून कुठे जायचं, कुणाला काय विचारायचं, आणि त्यानं दाराकडे बघत गेलेले बाबा थोडेच परत येणार होते. मी हेडफोन नीट केला. म्हटलं, घ्या.

हॅलो. हं. कधी? हे तीन पहिल्या झटक्यात लागले. "दादा, तू जेवलास का?" हे उशिरा पडलं. मग लवकर पडलं. मग बरोबर पडलं, पण इंजिनिअर म्हणाला, मॅडम, थोडं वाचल्यासारखं येतंय. तो बिचारा अदबीनं बोलत होता, त्याला काही माहीत नव्हतं. मग तो आवाज. तोंडातून काय आलं होतं ते मला आठवत नव्हतं, आणि मूळ ऐकायला मागितलं तर पंपाखाली काही ऐकू येत नव्हतं. ओठ बघून अंदाजानं काढायचा. एकदा किंचाळल्यासारखा झाला. एकदा खोकल्यासारखा. बाबांना आठवून बघितलं, तर नुसतं रडायलाच आलं आणि ओठांचा मेळ सुटला. "हे फार झालं, ताई," बगळा म्हणाला. "आणि खरं सांगू? खोटं वाटतंय."

मी म्हटलं, "मग काय करू, सांगा."

"त्या वेळी केलंत तसं."

मध्ये चहा झाला. परत उभी राहिले. घसा सोलवटल्यासारखा झाला होता. जो टेक शेवटी ओके झाला, त्या वेळी माझ्या मनात बाबा नव्हतेच. तिसऱ्या बीपनंतर किती थांबायचं आणि हनुवटी खाली येते तिथे दम कसा पुरवायचा, एवढंच होतं. काचेपलीकडे इंजिनिअरनं दोन्ही अंगठे वर केले. बगळा खुर्चीतून उठून उभा राहिला होता, हात जोडून. मला ऐकवला. अंगावर काटा आला. अगदी खरा वाटतो. आता बाबा गेले तो क्षण आठवायचा म्हटलं की मला हाच ऐकू येतो, स्टुडिओतला. मूळचा काही केल्या सापडत नाही.

संध्याकाळी घरी आले तर दादाचा फोन. त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यानं आपणहून केला. आवाज मऊ होता. म्हणाला, "झालं गेलं सोड. बाबांना तुझा सिनेमा बघायचा होता. त्यांचं राहिलं, पण आम्ही सगळे येणार, पोरांना घेऊन. पहिल्याच दिवशी. पुढच्या रांगेतली तिकिटं काढ."

मी सांगणार होते. शब्द जुळवत होते.

"ऐकतेयस ना?" तो म्हणाला.

"हो. ये."

"आवाज का बसलाय गं तुझा? रडलीस का?"

मी म्हटलं, "नाही रे. डबिंग होतं."